शरणपूरची लेकरे

गेल्या वर्षी प्रायश्चित्तकाळातील एका रविवारी मिस्सा आटोपून मी पवित्र वस्त्रे उतरवीत होतो, तोच आमच्या धर्मग्रामातील एक कुटुंब भेटीस आले. मुलगी बी. एड. झालेली, दोन वर्षे शाळेत नोकरी केलेली. पूर्व आफ्रिकेत धर्मभगिनी चालवीत असलेल्या एका शाळेत निराधार मुलांना शिकविण्यासाठी वर्षभर विनावेतन जावे, अशी तिची इच्छा. आई गप्प होती. वडिलांना मात्र राहवले नाही. ते म्हणाले, "फादर, सेवाच करायची तर आपल्या पेठ-सुरगाण्यात गरीब मुलं नाहीत का? त्यासाठी समुद्र कशाला ओलांडायचा? आणि आपल्या नाशिकहून आजवर असं कोण गेलंय?"

पहिला प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर मी त्या दिवशी दिले नाही. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र आमच्या शहरातच, रोजच्या येण्याजाण्याच्या वाटेवर उभे आहे. म्हणून त्यांना एवढेच म्हणालो, "नाशिकहून पुष्कळ जण गेले. दीडशे वर्षांपूर्वी गेले. आपणच त्यांना विसरलो." त्या विसरलेल्यांची हकिकत वाचकांपुढे ठेवावी, हा या लेखाचा हेतू आहे.

आश्रयाचे गाव

नाशिकचा शरणपूर रस्ता ठाऊक नाही असा नाशिककर विरळा. बँका, दवाखाने, दुकाने यांनी तो आज गजबजलेला असतो. पण या रस्त्याला ज्या वस्तीचे नाव मिळाले, ती शरणपूर वस्ती एके काळी शहराबाहेर वसविलेले एक लहानसे ख्रिस्ती खेडे होते. चर्च मिशनरी सोसायटी या अँग्लिकन संस्थेचे काम नाशकात १८३२ पासून चालू होते. त्या संस्थेचे मिशनरी विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५४-५५ च्या सुमारास हे खेडे वसविले. घरादाराला मुकलेले नवख्रिस्ती आणि अनाथ मुले यांना शरण येण्यास एक जागा असावी, म्हणून नाव ठेवले शरणपूर. येथे प्रार्थनामंदिर होते, शाळा होती, आणि शाळेला जोडून सुतारकाम, लोहारकाम असे हातांना उद्योग शिकविणारे कारखाने होते.

या शरणपुरात १८६० साली काही निराळीच मुले आली. वर्णाने काळीभोर, केस कुरळे, बोली कोणालाही न कळणारी. आपल्या महाराष्ट्राला आफ्रिकेचा माणूस अपरिचित नव्हता. जंजिऱ्याचे सिद्दी आपल्या इतिहासात आहेत. निजामशाहीचा कर्ता पुरुष मलिक अंबर हा तर लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी. परंतु ही मुले सत्तेच्या किंवा तलवारीच्या वाटेने आली नव्हती.

त्या काळी पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलामांनी भरलेली गलबते अरबस्तान आणि इराणी आखाताकडे जात असत. गावेच्या गावे जाळून माणसे पकडली जात. त्यांना साखळदंडाने एकत्र बांधून किनाऱ्यापर्यंत चालवीत आणत आणि झांझिबारच्या बाजारात त्यांचा लिलाव होई. ब्रिटिश आरमाराची गस्तीची जहाजे यांतील काही गलबते पकडीत आणि सुटलेल्या माणसांना पुष्कळदा मुंबई बंदरात आणून उतरवीत. सुटकेनंतरचा प्रश्न अवघड होता. या मुलांना परत कोठे धाडायचे? आईबापांचा पत्ता नाही, गाव शिल्लक असेल याची खात्री नाही, आणि किनाऱ्यावर उतरताच पुन्हा पकडले जाण्याचे भय.

मुंबईत कार्ल विल्हेल्म आयझेनबर्ग नावाचे एक जर्मन मिशनरी होते. आधी ते अ‍ॅबिसिनियात, म्हणजे आजच्या इथिओपियात राहिलेले होते. तेथून त्यांना निघावे लागले. ज्या आफ्रिकेने त्यांना ठेवून घेतले नाही, त्याच आफ्रिकेची लेकरे मुंबईत त्यांच्या दाराशी आली. त्यांनी ती सांभाळली, आणि १८६० मध्ये त्यांचा आश्रम शरणपूरला हलविण्यात आला. लोक त्याला आफ्रिकन असायलम म्हणू लागले.

येथे क्षणभर थांबून एक गोष्ट लक्षात घेऊ. त्या मुलांच्या दृष्टीने नाशिक हाच परदेश होता. त्यांना शिकविणारे जर्मनी-इंग्लंडहून आलेले, म्हणजे तेही परदेशातच होते. गोदेच्या काठी दोन परक्यांची गाठ पडली आणि त्यांतून एक शाळा उभी राहिली.

मुले लिहावाचायला शिकली, इंग्रजी शिकली, रंधा आणि घण चालवायला शिकली. त्यांचा स्नानसंस्कार झाला आणि त्यांना नवी नावे मिळाली. सायमन प्राइस, रिचर्ड आयझेनबर्ग, करास फॅरार. प्राइस, आयझेनबर्ग, फॅरार ही तर मिशनऱ्यांचीच आडनावे. प्रेमाने दिली असतील यात शंका नाही. तरीही आईने हाक मारलेले नाव मागे पडले, हे विसरता येत नाही. माणूस दास्यातून सुटला, पण स्वतःचे नाव मात्र त्याला परत मिळाले नाही.

पहिली तुकडी

मोंबासाजवळ राबाई येथे त्याच संस्थेचे योहान्नेस रेबमान १८४६ पासून काम करीत होते. किलिमांजारो पर्वत पाहिल्याची बातमी युरोपला प्रथम देणारे ते हेच. वर्षामागून वर्षे गेली, सहकारी आजारपणाने गेले, हाताशी माणसे फार थोडी. तेव्हा शरणपूरच्या मुलांकडे लक्ष वळले. १८६४ साली विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर आणि जॉर्ज डेव्हिड हे तिघे राबाईस गेले. जोन्स आणि सेमलर सपत्नीक गेले.

ही घटना नीट पाहिली पाहिजे. गुलाम म्हणून ज्या समुद्रावरून त्यांना नेण्यात आले होते, तोच समुद्र ते आता शिक्षक आणि धर्मशिक्षक म्हणून उलट दिशेने ओलांडत होते. ज्या किनाऱ्यावर माणसे पकडणाऱ्यांचा अजून सुळसुळाट होता, तेथे पाय ठेवणे हे त्यांच्यासाठी काय धैर्याचे काम असेल, याची कल्पना करावी. इंग्रज मिशनऱ्याला तापाचे भय होते. यांना तापाचेही होते आणि साखळदंडाचेही.

लिव्हिंग्स्टनबरोबर

१८६५ च्या सप्टेंबरात डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन मुंबईस उतरले. त्याच वर्षी थळ घाटातून रेल्वे सुरू झाली होती. नव्या सफरीसाठी माणसे हवी होती, म्हणून ते नाशिकला आले. शरणपूरचे नऊ तरुण त्यांच्याबरोबर निघाले आणि १८६६ च्या जानेवारीत त्यांनी मुंबई सोडली.

या नऊ जणांची कहाणी सरळ यशाची नाही. लिव्हिंग्स्टन यांनी आपल्या रोजनिशीत त्यांच्याविषयी कडवट शब्द लिहून ठेवले आहेत. रिचर्ड आयझेनबर्ग पहिल्याच वर्षी दगावला. काही जण सोडून गेले. शाळेच्या बाकावरून उठून थेट रानात गेलेली ही मुले होती. त्यांच्याकडून चुका झाल्या असतील, तशाच त्यांच्यावर लादलेल्या अपेक्षाही अवाजवी असतील. पण त्यांच्यातील एडवर्ड गार्डनर सात वर्षांनीही, अगदी अखेरच्या दिवसापर्यंत डॉक्टरांच्या सोबत होता.

१८७२ मध्ये लिव्हिंग्स्टन यांच्या मदतीसाठी आणखी सहा नाशिककर तरुण गेले. जेकब वेनराइट आणि जॉन वेनराइट, रिचर्ड रटन आणि बेंजामिन रटन, करास फॅरार, मॅथ्यू वेलिंग्टन. पुढच्याच वर्षी, १८७३ च्या मे महिन्याच्या आरंभी, आजच्या झांबियातील चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टन यांचा अंत झाला. त्यांचे सेवक चुमा आणि सूसी यांच्या नेतृत्वाखाली सर्वांनी मिळून ठरविले की देह त्यांच्या मायदेशी पोहोचवायचा. हृदय तेथेच एका झाडाखाली पुरले. अंत्यविधीची प्रार्थना जेकब वेनराइटने वाचली आणि झाडाच्या खोडावर मृत्यूचा लेख कोरला. नाशिकच्या शाळेत गिरविलेली अक्षरे आफ्रिकेच्या अंतर्भागात अशी उमटली. त्या प्रवासाची रोजनिशीही जेकबने लिहिली. लिव्हिंग्स्टन यांच्या अंतकाळाविषयी एका आफ्रिकी माणसाने स्वतःच्या हाताने लिहून ठेवलेली ती साक्ष आहे.

हजार मैलांहून अधिक वाट तुडवून, सुमारे नऊ महिन्यांनी, फेब्रुवारी १८७४ मध्ये ते बागामोयोच्या किनाऱ्याला पोहोचले. तेथे आपल्या कॅथलिक संप्रदायाचे, पवित्र आत्म्याच्या संघाचे धर्मगुरू १८६८ पासून सुटका झालेल्या गुलाम मुलांसाठी वस्ती आणि शाळा चालवीत होते. झांझिबारला नेण्यापूर्वी तो देह त्यांच्याच मिशनमध्ये ठेवण्यात आला. स्कॉटलंडचा प्रॉटेस्टंट प्रवासी, त्याला वाहून आणणारे शरणपूरचे अँग्लिकन तरुण आणि त्यांचे मुसलमान सोबती, आणि दार उघडणारे फ्रेंच कॅथलिक धर्मगुरू. एकीकरणाच्या चर्चा पुढे पुष्कळ झाल्या. एका दमलेल्या काफिल्याने ती गोष्ट त्या दिवशी न बोलता घडवून आणली होती.

१८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत लिव्हिंग्स्टन यांचे दफन झाले. शवपेटीला खांदा देणाऱ्यांत जेकब वेनराइट होता. रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने देह आणणाऱ्यांसाठी साठ रौप्यपदके पाडली. त्यांच्यावर ते अखेरपर्यंत निष्ठावंत राहिले अशा अर्थाचे शब्द होते. पण ती सर्वांच्या हाती कधीच पडली नाहीत, कारण काफिला तोवर पांगला होता. जेकब १८९२ साली आफ्रिकेतच वारला. मॅथ्यू वेलिंग्टन मात्र मोंबासात १९३५ पर्यंत हयात होता.

घंटेचे गाव

लिव्हिंग्स्टन यांच्या मृत्यूच्या वर्षीच, जून १८७३ मध्ये, झांझिबारच्या सुलतानाला गुलामांचा बाजार बंद करण्याचा करार मान्य करावा लागला. त्यासाठी ब्रिटिश सरकारने ज्यांना पाठविले होते ते सर बार्टल फ्रीअर मुंबईचे माजी गव्हर्नर होते आणि शरणपूरचे काम त्यांना चांगले ठाऊक होते. सोडविलेल्या माणसांना आता मुंबईपर्यंत आणायचे कशाला, आफ्रिकेच्याच भूमीवर दुसरे शरणपूर का उभारू नये, असा विचार पुढे आला. ते उभारण्यासाठी निवड झाली ती शरणपूरच्या संस्थापकाचीच. विल्यम प्राइस नोव्हेंबर १८७४ मध्ये मोंबासास पोहोचले. खाडीपलीकडे जमीन घेऊन त्यांनी वस्ती वसविली आणि तिला फ्रीअर टाउन असे नाव दिले.

जमीन मिळाली, पण शिकविणार कोण? घरे कोण बांधणार, लोहारकाम कोण करणार, आजाऱ्यांपाशी कोण बसणार? नाशिक आणि मुंबईत वाढलेले दीडशेच्या आसपास आफ्रिकी स्त्रीपुरुष या कामासाठी तिकडे गेले. तेथील लोक त्यांना 'बॉम्बे आफ्रिकन्स' म्हणत. १८७५ पासून आरमाराची जहाजे सोडविलेल्या माणसांना तेथे उतरवू लागली. त्यांत मुले फार. भेदरलेली, हाडांचा सापळा झालेली, कोणावरही विश्वास न ठेवणारी. अशा मुलाला 'भिऊ नकोस' असे कोणीही सांगू शकतो. परंतु 'मीही असाच गलबतातून उतरलो होतो' असे सांगणारा शिक्षक त्या शाळेत होता. दुसऱ्या कोणत्या शाळेत असा शिक्षक मिळणार?

गुलामांचे व्यापारी चालून आले तर सावध करण्यासाठी वस्तीत एक मोठी घंटा बांधली होती. ती आजही मोंबासात उभी आहे, आणि त्या भागाला स्वाहिली भाषेत 'केंगेलेनी', म्हणजे घंटेपाशी, असे म्हणतात. १८८८ साली तेथे सुरू झालेला धर्मशिक्षणाचा वर्ग १९३० मध्ये लिमुरूला गेला आणि आज ते सेंट पॉल्स विद्यापीठ झाले आहे. आमच्या शरणपुरातला आश्रम मात्र या स्थलांतरानंतर ओस पडला.

विल्यम जोन्स

या सर्वांत एकाची ओळख थोडी विस्ताराने करून द्यावीशी वाटते. १८६४ च्या पहिल्या तुकडीतील विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर यांना ३१ मे १८८५ रोजी बिशप जेम्स हॅनिंग्टन यांनी डीकनपदाची दीक्षा दिली. त्याच जुलैत हॅनिंग्टन युगांडाकडे निघाले आणि सोबत जोन्स यांना घेतले. व्हिक्टोरिया सरोवराच्या अलीकडे काफिल्याचा मोठा भाग जोन्स यांच्या हवाली करून बिशप पन्नासेक माणसांनिशी पुढे गेले. २९ ऑक्टोबर रोजी राजा म्वांगाच्या हुकमाने त्यांची हत्या झाली.

या हत्येबद्दल राजाला तोंडावर बोल लावणारा दरबारी कोण होता, हे आपण जाणतो. तो होता जोसेफ मुकासा, युगांडाच्या कॅथलिक हुतात्म्यांतील पहिला. एका अँग्लिकन बिशपच्या रक्तासाठी त्याने जाब विचारला आणि १५ नोव्हेंबर १८८५ रोजी स्वतःचे शिर दिले. पोप सहावे पॉल यांनी १९६४ मध्ये त्या बावीस हुतात्म्यांना संत म्हणून जाहीर केले. त्यांच्या सणाला आपण चार्ल्स ल्वांगा आणि त्याच्या सोबत्यांचे स्मरण करतो. त्या कथेच्या कडेला नाशिकच्या शाळेत शिकलेला एक माणूस उभा आहे, हे आपल्याला कोणी सांगितले नव्हते.

जोन्स महिनाभर वाट पाहत थांबले. मग भुकेल्या, आजारी माणसांना सांभाळीत त्यांनी काफिला परत फिरविला आणि फेब्रुवारी १८८६ मध्ये राबाई गाठली. काफिल्यापुढे निळे निशाण होते. त्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच शब्द होता, ईखाबोद. वैभव निघून गेले, असा त्याचा अर्थ. शमुवेलाच्या पुस्तकातील हा शब्द अशा वेळी ज्याला आठवला, त्याचे धर्मशिक्षण वरवरचे नव्हते.

राबाईत जोन्स यांच्या आश्रयाला पळून आलेले गुलाम येत राहिले. मालक हक्क सांगू लागले, लढाईचा प्रसंग ओढवला. तेव्हा म्हातारपणी पुन्हा तेथे आलेले प्राइस आणि ब्रिटिश कंपनीचे प्रतिनिधी जॉर्ज मॅकेन्झी यांनी तोड काढली. मालकांना भरपाई देण्यात आली आणि १ जानेवारी १८८९ रोजी राबाईत सुटकेची पत्रे वाटण्यात आली. वेगवेगळ्या मिशनवस्त्यांत लपलेले १४०० हून अधिक लोक त्या तोडीने मुक्त झाले. शरणपूर या शब्दाचा अर्थ ज्याने लहानपणी अनुभवला होता, त्याने तो राबाईत शेकडो लोकांना अनुभवू दिला.

जे दुखते तेही सांगावे

इतिहास लिहिताना केवळ गोड तेवढे वेचणे प्रामाणिकपणाचे नाही. फ्रीअर टाउनमध्ये सुटका झालेल्यांवरच कडक शिस्तीच्या नावाखाली फटके आणि कोठडी यांचा प्रयोग झाला. १८८०-८१ मध्ये त्याचा बोभाटा होऊन चौकशी झाली आणि निस्तरण्यासाठी प्राइस यांना पुन्हा पाठवावे लागले. बॉम्बे आफ्रिकन्सना कामाचा भार गोऱ्यांइतका, पण मान आणि वेतन मात्र कमी, ही तक्रार सतत होती. आयुष्य वाहिलेल्या जोन्स यांनाही आपली बरोबरी मानली जात नाही याचा निषेध करावा लागला. उलटपक्षी, इंग्रजी शिकलेले हे शिक्षक नव्याने सुटून आलेल्यांना कधीकधी कमी लेखीत, हेही खरे आहे. सेवेच्या कामातदेखील देणारा वर आणि घेणारा खाली, ही पायरी नकळत तयार होते. ती प्रत्येक वेळी मोडावी लागते. आपल्या संस्थांत, आपल्या वसतिगृहांतही ती मोडावी लागते, हे मी धर्मगुरू या नात्याने स्वतःला बजावून सांगतो.

या इतिहासातून मला जे उमगले, ते थोडक्यात असे. ज्याची सेवा झाली तो पुढे सेवा करणारा होतो की नाही, यावरून सेवेची पारख होते. शरणपूरने मुलांना केवळ जेवू घातले असते, तर ती जेवून मोठी झाली असती आणि गोष्ट तेथेच संपली असती. शरणपूरने त्यांच्या हातांना काम आणि मनाला अक्षर दिले, म्हणून मोंबासाला शिक्षक मिळाले. त्या शिक्षकांचे बळ त्यांच्या आठवणीत होते. आपणही कोणाच्या तरी दाराशी परके म्हणून उभे होतो, हे ते विसरले नव्हते.

मुलीचे वडील पंधरवड्याने पुन्हा आले. तोवर मी त्यांना हा सारा वृत्तान्त सांगितला होता. त्यांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी आता दिले. पेठ-सुरगाण्यात गरीब मुले आहेत, आणि त्यांचा आपल्यावर पहिला हक्क आहे, यात शंका नाही. परंतु आपल्या आजोबा-पणजोबांना शिकविणारे धर्मगुरू आणि धर्मभगिनी आपापल्या गावची गरीब मुले मागे ठेवूनच येथे आले होते. ते ऋण एका गावात फिटण्यासारखे नाही. मुलगी गेली तर तिने शिकविण्यापेक्षा आधी शिकावे, तेथील भाषा शिकावी, आणि कोणाही मुलाला नवे नाव देण्याआधी त्याचे स्वतःचे नाव नीट उच्चारायला शिकावे. आणि परत आल्यावर पेठ-सुरगाणे आहेच.

ते हसले आणि म्हणाले, "म्हणजे फादर, दोन्हीकडची सेवा तुम्ही तिच्याच गळ्यात घातली." आई मात्र म्हणाली, "जाऊ दे. पण आठवड्याला फोन केला पाहिजे." मुलगी पावसाळा सरल्यावर गेली. तिचे फोन येतात.

वाचकहो, पुन्हा कधी शरणपूर रस्त्याने जाल, तेव्हा सेंट अँड्र्यूज चर्चपाशी क्षणभर थांबा. चर्च आपले नव्हे, पण लेकरे आपली होती. ज्यांची खरी नावे आपल्याला ठाऊक नाहीत, त्यांच्यासाठी एक 'प्रभूची प्रार्थना' म्हणा. त्यांची खरी नावे प्रभूला ठाऊक आहेत.